कर किती, हे शेवटी विचार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पिगू या अर्थशास्त्रज्ञापासून सुरुवात, मग मॉडेल, मग कार्बन कराचा ‘योग्य दर’ आणि शेवटी भारतासाठी टनाला इतके रुपये अशी शिफारस. काम नीटनेटकं होईल, गाईडही खूश होतील. पण मी बडोद्यात उभी हयात कारखानदारांची एक्साइजची प्रकरणं चालवली आहेत, त्यामुळे माझी नजर थोडी वाकडी आहे. दराच्या आकड्यावरून आमच्याकडे क्वचितच खटला उभा राहिला. भांडणं झाली ती माल कशात मोडतो, कर कोणाच्या हातून कापायचा आणि पैसा जमा झाला की तो कोणाचा, यावर. तुझ्या आराखड्यात या सगळ्याला मिळून दीड पान आहे.

पिगूने १९२० मध्ये मांडलेलं तत्त्व चूक नाही. धूर सोडणाऱ्याला धुराची किंमत मोजायला लावा, म्हणजे तो स्वतःच तो कमी करण्याचा मार्ग शोधेल. हे परीक्षकांना पाठ असतं. अर्ध्या पानात उरक.

‘भारतात कार्बन कर आणावा का’ असं तू पहिल्याच प्रकरणात विचारलं आहेस. तो आहेच, फक्त उलटा टांगलेला आहे. हिशेब तूच करून बघ. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका टनासाठी सुमारे ४३५ लिटर पेट्रोल. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर केंद्राची एक्साइज लिटरला २१ रुपये ९० पैसे झाली. म्हणजे टनामागे जवळपास साडेनऊ हजार रुपये, राज्याचा व्हॅट वेगळा. आता कोळसा घे. २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. आपल्याकडचा एक टन कोळसा जळला की दीड-पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ४०० चा दर असतानाही टनामागे अडीचशे रुपयांच्या आसपास. पादरा गावाहून मकरपुऱ्याच्या कारखान्यात कामावर येणारा पोरगा आपल्या मोटरसायकलवर जो भार वाहतो, त्याचा जेमतेम चाळिसावा हिस्सा वणाकबोरीच्या वीज केंद्राच्या बॉयलरवर होता.

स्वीडनला टनामागे शंभर डॉलरहून जास्त कर आहे, असं तू कौतुकाने लिहिलं आहेस. आपला दुचाकीवालाही एवढाच भरतो. त्याला कोणी पर्यावरणवादी म्हणत नाही, इतकंच.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा कोळशावरचा ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वर्तमानपत्रांनी एका ओळीत संपवलेली ही बातमी तुझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण होऊ शकते. आधी कर वजनावर होता, आता किमतीवर आहे. राखेने भरलेला, हलक्या प्रतीचा कोळसा स्वस्त असतो, म्हणून त्याच्यावर आता कमी कर पडतो. वीज केंद्रं नेमका तसलाच कोळसा जाळतात. शिवाय वीज जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे कोळशावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातली वजावट, वीज केंद्रांना मिळत नाही, ते तिथेच मुरतं. तरीही एकूण भार घटलाच. हवामान धोरण म्हणून कोणीही असा बदल सुचवला नसता, पण तो हवामानासाठी झालेलाच नव्हता.

आता पैसा कुठे गेला ते बघ. २०१० चा उपकर राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीसाठी म्हणून सुरू झाला. जमा झालेल्या रकमेतला निम्मा भागही त्या निधीपर्यंत पोहोचला नाही आणि निधीत गेलेला सगळा खर्चही झाला नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेच ४०० रुपये राज्यांना भरपाई देण्याच्या खात्यावर वळले. कर तोच, खाणीच्या तोंडाशी वसूल होणारा, फक्त पैशाचा मालक बदलला. उपकराची आणखी एक खोड लक्षात ठेव: तो राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. दिल्लीला उपकर आवडण्याचं आणि राज्यांना न आवडण्याचं कारण एकच आहे. उद्या कोणी ‘कार्बन उपकर’ म्हटलं की रांची, रायपूर आणि भुवनेश्वर पहिल्यांदा हाच प्रश्न विचारणार. कोळशाची रॉयल्टी त्यांच्या तिजोरीचा मोठा आधार आहे.

आणि रेल्वे विसरलीस. बडोद्याहून मुंबईला जाताना तिकिटावर काय छापलेलं असतं? प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे प्रवाशांकडून वसूल करते. उरलेला खर्च बऱ्याच अंशी मालवाहतूक भरून काढते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. म्हणजे कोळशावर एक छुपा कर आधीपासून आहे, तो विजेच्या दरातून आपण भरतो आणि स्लीपरच्या तिकिटात तो आपल्यालाच सवलत म्हणून परत मिळतो. कोळसा खरोखरच कमी झाला तर रेल्वेचं काय, हा प्रश्न कार्बन कराच्या अर्थशास्त्रातलाच आहे. तुझ्या मॉडेलमध्ये त्याला जागा नाही, कारण मॉडेलला तिकीट काढावं लागत नाही.

घरी आलेलं एमजीव्हीसीएलचं विजेचं बिल समोर ठेव. त्यात एफपीपीपीए अशी एक ओळ असते. इंधन आणि वीजखरेदी महागली की वाढ तिथून ग्राहकावर येते. कर कोळशावर लागला, तरी वीज केंद्राने तो पुढे ढकलला, वितरण कंपनीनेही ढकलला, शेतीपंपापर्यंत पोहोचताना राज्याच्या अनुदानाने तो पुसून टाकला आणि राहिला तो दांडिया बाजारातल्या दुकानदारावर. सिद्धान्तात किंमत वाढली की माणूस सवय बदलतो. इथे किंमत ज्याच्यापर्यंत पोहोचते त्याच्या हातात वीज कुठून घ्यायची हे नाही आणि ज्याच्या हातात ते आहे त्याच्या खिशाला धग लागत नाही.

परदेशच्या उदाहरणांचा तुझा तक्ता छान आहे, पण त्यात देश, साल आणि दर एवढेच रकाने आहेत. ‘पैसा परत कसा गेला’ हा चौथा रकाना घाल आणि ‘तो गेलेला लोकांना दिसला का’ हा पाचवा. मग तुलाच गंमत वाटेल. फिनलंड १९९० आणि स्वीडन १९९१. स्वीडनने त्याच सुमारास प्राप्तिकर मोठ्या प्रमाणात उतरवला आणि कारखान्यांना बराच काळ सवलतीचा दर दिला. फ्रान्समध्ये २०१८ साली टनाला ४४.६० युरो झाले, पुढच्या वर्षी ५५ व्हायचे होते. त्याच वर्षी सरकारने संपत्ती कर काढून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. गावाकडे बस नाही, डिझेलची गाडी हीच सोय, आणि वर श्रीमंतांना सूट! नोव्हेंबरात पिवळी जॅकेटं घालून माणसं चौकाचौकांत उतरली आणि दर ४४.६० वर गोठला. ऑस्ट्रेलियात जुलै २०१२ मध्ये २३ डॉलरने सुरू झालेला कर ॲबट यांच्या सरकारने जुलै २०१४ मध्ये रद्दच केला.

कॅनडावर मात्र थांब. तिथे २०१९ पासून इंधनावरच्या आकारणीतला बहुतेक पैसा घराघरांत परत जात होता, आधी प्राप्तिकराच्या विवरणातून, नंतर दर तिमाहीला थेट खात्यात. इंधनासाठी जास्त मोजलेल्या रकमेपेक्षा परतावा जास्त, अशी घरं बहुसंख्य होती. कागदावर यापेक्षा न्याय्य कर सापडणार नाही. पण पंपावरची वाढ दर आठवड्याला दिसायची आणि खात्यातली जमा कशाची, हे कित्येकांना कळतच नव्हतं. परताव्याच्या नावात ‘कार्बन’ आणि ‘रिबेट’ हे शब्द यायला २०२४ उजाडलं, तोवर विरोधकांनी ‘कर हटवा’ ही एकच घोषणा घरोघरी पोहोचवली होती. मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले. हवामानाच्या अर्थकारणावर वर्षानुवर्षं बोललेला माणूस, त्यांनी आल्या आल्या ही आकारणी संपवली आणि १ एप्रिलपासून ती गेली. कारखान्यांवरची कार्बन किंमत मात्र त्यांनी ठेवली. दिसणारा कर गेला, न दिसणारा राहिला. माझ्या मते तुझ्या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य इथे कुठेतरी आहे, ते तू शोध.

आपल्याकडे सरकारने न दिसणारी वाटच धरली आहे. २०२२ ची ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती, २०२३ ची कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणि २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या उद्योगांना दिलेली लक्ष्यं. लक्ष्य एकूण धुरावर नसून उत्पादनाच्या प्रत्येक टनामागच्या धुरावर आहे, म्हणजे उत्पादन वाढलं तर एकूण धूर वाढू शकतो. ‘यात दम नाही’ असं म्हणून तू ते निकालात काढलंस. इतकी घाई करू नकोस. सुरतचं बघ. तिथे २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने कापड कारखान्यांच्या चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांचे परवाने विकत घ्यायची-द्यायची व्यवस्था सुरू केली, जगातली तशी पहिली. तीनशेहून अधिक कारखाने, निम्मे या बाजारात, निम्मे जुन्या नियमांखाली. बाजारातल्या कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी निघाले. मोजणारं यंत्र चिमणीवर बसलं आणि त्याचा आकडा मानला गेला, म्हणून ते चाललं. बडोद्याहून गाडीने दोन तासांवर आहे, जाऊन ये. क्लीव्हलंडच्या चिमण्यांवरचे शोधनिबंध नंतर वाच.

युरोपच्या सीमेवरच्या कार्बन आकारणीवर तू चार ओळी लिहिल्या आहेत, तिथे चाळीस पानांचा ऐवज आहे. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती भरणं आणि २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणी. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. नट-बोल्ट आणि पाइपाच्या फिटिंगही पोलादात धरल्या आहेत. म्हणजे आपला मकरपुरा. माझे एक जुने अशील तिथे बोल्ट बनवतात, जर्मनीला माल जातो. तिकडून आलेली एक्सेल शीट माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “साहेब, आ टॅक्स छे के परीक्षा?” त्यांच्या स्वतःच्या भट्टीचा धूर थोडका. खरा आकडा त्यांनी विकत घेतलेल्या पोलादाच्या सळीत, आणि गिरणीवाला तो देत नाही. आकडा नसेल तर युरोप ठरवून दिलेला, साधारण चढाच आकडा लावतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी विभाग असतो. यांच्याकडे भाचा आहे.

यातच इथल्या कार्बन कराच्या बाजूचं सर्वांत भक्कम कारण आहे. मूळ देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर युरोप तेवढी वजा करतो. मग तो पैसा ब्रसेल्सला देण्यापेक्षा इथेच का घेऊ नये? पण लगेच पुढचा प्रश्न येतो: इथे घेतला तर तो कोणाचा? भाच्याला शीट भरायला शिकवण्यावर जाईल, की पुन्हा कुठल्याशा खड्ड्यात? २०१० च्या निधीचा इतिहास ठाऊक असलेला कारखानदार ‘ब्रसेल्सला देतो, निदान पावती तरी मिळते’ म्हणाला तर त्याला काय उत्तर देशील, ते लिही.

तेव्हा योग्य दराचं प्रकरण परिशिष्टात टाक. गाईड कुरकुरतील, त्यांना माझं नाव सांग. आधी मकरपुऱ्यातल्या चार-पाच युनिटांत बस, मी फोन करून ठेवतो. तुझं गुजराती चांगलं आहे, तेच बोल. मराठीत विचारलंस तर चहा मिळेल, आकडे मिळणार नाहीत. अर्थसंकल्पातलं प्राप्तीचं पुस्तक वाचायला शीक, भाषण सगळेच वाचतात. कोळशाच्या उपकराच्या अधिसूचना आणि २०१० पासूनची जमेची पानं माझ्याकडे बांधून ठेवलेली आहेत. येत्या रविवारी येऊन घेऊन जा, २०१६ ची फाईल मात्र परत आण, ती मलाही लागते.

तुझा,
काका