मी मराठी, नवरा कन्नड, राहतो बेंगळुरूत. दोन वर्षांच्या मुलाशी घरी दोन भाषा बोलाव्यात की एकच?

तुम्ही लिहिलंय की मुलगा मोजकेच शब्द बोलतो आणि प्लेस्कूलच्या मिस म्हणाल्या, ‘घरी एकच भाषा ठेवा, नाहीतर गोंधळेल.’ आमच्याही घरी हीच गत. मी मिरजेची, नवरा धारवाडचा, लेक पाच वर्षांची, बिऱ्हाड बेंगळुरूत. माझं म्हणणं सरळ आहे: मराठी सोडू नका.

दोन भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्हीकडचे मोजा. ‘पाणी’ही म्हणतो आणि ‘नीरु’ही, तर ते दोन शब्द झाले. दोन्ही मिळून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘पाणी दे’सारखी जोडवाक्यं असावीत, असा ढोबळ अंदाज धरतात. त्याहून बरंच कमी असेल तर भाषा कमी करण्याऐवजी आधी कान तपासून घ्या. मैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग 1965 पासून हेच काम करते आणि तुम्हाला एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. मिस प्रेमानेच सांगत असतील, पण या बाबतीत मी ऑडिओलॉजिस्टचंच ऐकेन.

सरमिसळ होणार, होऊ द्या. माझी लेक ‘आई, मला ऊटा बेडा’ म्हणायची. ‘मला जेवण नको’ आणि ‘ननगे ऊटा बेडा’, दोन्हीकडे वाक्याची ठेवण एकच, त्यामुळे शब्द आपोआप जागेवर बसतात. गोंधळलेल्या मुलाला हे जमलं नसतं. तो-ती-ते मात्र उशिरा येईल. कन्नडमध्ये वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, म्हणून ‘ते खुर्ची’, ‘ते पंखा’ बराच काळ ऐकायची तयारी ठेवा. ‘ळ’ आणि ‘ण’ची काळजी नको, ते कन्नडमध्येही आहेत. आमच्या बाईसाहेबांचा ‘ळ’ तर पुण्यातल्या भाचेमंडळींपेक्षा खणखणीत आहे, आणि त्याचं श्रेय सासूबाईंचं!

खरी काळजी वेगळीच आहे. कन्नड येईलच: अज्जी, शेजार, शाळा, भाजीवाला, सगळे आहेत. मराठीसाठी आहात फक्त तुम्ही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आनिक दे हाऊवर यांनी दोन भाषांच्या जवळपास 1,900 कुटुंबांची पाहणी केली होती (2007 साली प्रसिद्ध झाली). तिथली डच भाषा सगळ्या मुलांना आली, पण सुमारे पाव कुटुंबांत मुलं घरची दुसरी भाषा बोलतच नव्हती. ‘आईची एक, बाबांची एक’ हा नेम पाळल्यानेही खात्री मिळत नव्हती. समजतं सगळं, उत्तर मात्र दुसऱ्या भाषेत, असं होऊन बसतं. त्यात तुम्ही नवरा-बायको आपसात इंग्रजीत बोलत असाल, आमच्यासारखे, तर ती तिसरी गुपचूप घरात शिरलेली असतेच. इंग्रजीवर वेगळी मेहनत घेऊ नका, शाळा घेईल. नवऱ्याने मुलाशी कन्नडच बोलावं.

आता रोजचं. मुलगा ‘हालु बेडा’ म्हणाला तर ‘मराठीत सांग’ असं दटावू नका. ‘दूध नको? मग ताक देऊ की सरबत?’ असं विचारा. ‘हवंय का?’ला मान हलवून भागतं, ‘हे की ते?’ला शब्द काढावाच लागतो. न समजल्याचं नाटकही करू नका, तुम्ही सासूबाईंशी कन्नड बोलता हे त्याला ठाऊक आहे.

आणि मराठीशिवाय दुसरं काही न येणारं एक माणूस शोधा. माझ्या आईला ना कन्नड येतं ना इंग्रजी, आणि हेच आमचं सगळ्यात मोठं भांडवल. पण व्हिडिओ कॉलवर ‘काय जेवलीस? शाळेत काय शिकवलं?’ सुरू झालं की लेक पसार. मग आई फोन डब्याला टेकवून मटार सोलायला बसू लागली. एखाद्या शेंगेत अळी निघाली की इकडून ओरडा: ‘आजी, टाकू नको! दाखव! कुठे चालली ती?’ त्या अळीने जेवढं मराठी बोलून घेतलं तेवढं माझ्याच्याने झालं नसतं. मे महिन्यात मामाकडे पाठवता आलं तर उत्तमच, मावस-मामे भावंडांशी भांडायला भाषा लागतेच.

पुस्तकांचं म्हणाल तर बेंगळुरूच्याच प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ बघा. फुकट आहे आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. एकच गोष्ट एका रात्री तुम्ही वाचा, दुसऱ्या रात्री बाबा. चित्रं तीच असल्यामुळे मुलगा स्वतःच चुका काढायला लागतो.

लिहिण्या-वाचण्याची घाई आत्ता नकोच. कर्नाटकच्या 2015 च्या कायद्यामुळे शाळेत कन्नड असणारच. पुढे हिंदी घेतली तर देवनागरी आयतीच हाती येईल, मग ‘ळ’ तेवढा तुम्ही गिरवून घ्या.