कॅबमध्ये हात मोडला, दाद कुणाकडे मागू?

प्रश्न : घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ ॲपवरून बुक केलेली आमची कॅब टेम्पोवर आदळली. माझं उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवली. मी घरी ब्लाउज शिवते, ते काम बंद आहे. ड्रायव्हर म्हणतो, पोलिसांत जाऊ नका, वीस हजार घ्या. काय करू?

उत्तर : ताई, पैसे घेऊन कुठल्याही कागदावर सही करू नका. आधी पोलिसांत नोंद करा. चूक कॅबची की टेम्पोची, हा वाद तुमच्या गळ्यात पडत नाही. दोघांची असली तरी पूर्ण भरपाई कुणाही एकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक सिद्ध न करता, गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख मिळतात. पण तुमची कमाई बुडाली आहे, म्हणून मी कलम १६६ चा, म्हणजे चूक दाखवून प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मागण्याचा, दावा सुचवेन. तो ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

ट्रिपची पावती आजच ॲपमधून उतरवून घ्या. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं तर हवीतच. पण तुमची मापांची वही त्याहून जपा. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, शिलाई, आगाऊ घेतलेले पैसे, हाच तुमच्या उत्पन्नाचा पुरावा. अशी वही नसल्यामुळे शिवणकाम करणाऱ्या बायकांची कमाई कमी धरली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.