आईचं विसरणं, आईचे कान आणि तुमचं कोलेस्टेरॉल

प्रश्न : आम्ही मूळचे उदगीरचे, आता मेलबर्नला असतो. आई 71 ची आहे, वर्षभरापासून विसरायलीये, फोनवर तेच तेच विचारते. आजीचंही शेवटी असंच झालं होतं. भाऊ गावीच असतो, तो म्हणतो वय झालं की हे व्हायचंच, त्यात आपल्या घराण्यातच आहे. मी बदाम, ब्राह्मीच्या गोळ्या पाठवल्या, टॅबवर मेंदूचे गेम टाकून दिले. अजून काय पाठवू?

ताई, पाठवणं जरा थांबवा. बदाम खाऊ द्या, त्यानं काही बिघडत नाही, पण भाऊ जे म्हणतोय ते आधी बघू कारण तसं म्हणणारा तो एकटा नाहीये. साठी बुद्धी नाठी हे फक्त आपल्याकडंच नाही, 2024 च्या जागतिक अल्झायमर अहवालासाठी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना विचारलं तर 80 टक्के लोक म्हणले डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) हा म्हातारपणाचाच भाग आहे, आणि 2019 ला हाच आकडा 66 होता, म्हणजे गैरसमज कमी व्हायचा सोडून वाढलाच! दवाखान्यात काम करणारेसुद्धा मागं नाहीत, त्यांच्यातले 65 टक्के तेच म्हणले. वयानं धोका वाढतो हे खरंय, पण भारतात साठीच्या पुढच्या माणसांत डिमेन्शिया असणारे अंदाजे 7.4 टक्के, बाकीचे चष्मा शोधत फिरतात तेवढंच. आणि आजीला होतं म्हणून तुमचा धोका थोडा जास्त असेल, पण होणारच असं काही नाही. एकाच जीनमुळं पिढ्यानपिढ्या येणारा प्रकार फार म्हणजे फारच क्वचित असतो आणि तो बहुतेक साठीच्या आतच दिसायला लागतो.

2024 ला लॅन्सेट कमिशननं (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाची तज्ज्ञांची समिती) 14 कारणं सांगितली ज्यावर काहीतरी करता येतं, आणि ती सगळी नाहीशी झाली तर जगातले साधारण 45 टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबणीवर पडतील असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशोब अख्ख्या लोकसंख्येचा आहे बरं का, एकट्या आईचा नाही, तिनं सगळं नीट केलं तरी होऊ शकतं आणि झालं तर त्यात तुमची किंवा भावाची चूक शोधत बसू नका. आता मजा बघा, लोकांना विचारलं तर शब्दकोडं, व्यायाम, बदाम पटकन सुचतं, पण त्या यादीत सगळ्यात वर आहेत कमी ऐकू येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, त्या 45 टक्क्यांतले 7-7 या दोघांचे. शुगर आहे, बीपी आहे, सिगारेट, दारू, वजन, बसून राहणं, डिप्रेशन, डोक्याला मार (गावात हेल्मेट कोण घालतं), प्रदूषण, मोतीबिंदूसारखं डोळ्याचं दुखणं, आणि लहानपणी कमी शिक्षण आणि एकटेपणा हे दोन्ही 5-5 टक्के.

कानाचं मला जास्त बोलायचंय कारण आपल्याकडं कमी ऐकू येणं हा चेष्टेचा विषय आहे, आजाराचा नाही. आई तेच तेच विचारतेय ते विसरलीये म्हणून की पहिल्यांदा ऐकूच आलं नव्हतं म्हणून, हे व्हिडिओ कॉलवर तुम्हाला कळणारच नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघात बसायचं टाळतो, भजनाला जायचं सोडतो, मग एकटेपणा आला, उदासी आली, एकात एक. 2023 ला अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली त्यात कानाच्या मशीननं सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. म्हणून आधी कानातला मळ काढून घ्यायचा, मग कानाची तपासणी. आणि मशीन मेलबर्नहून पाठवू नका प्लीज! ते परत परत ॲडजस्ट करावं लागतं, लातूरला नाहीतर नांदेडला जिथून घ्याल तिथंच ते होईल, नाहीतर शिट्टी वाजते म्हणून चार दिवसांत कपाटात जातं.

सहा महिने तिकडं घेऊन जायचा विचार असेल तर दहादा विचार करा. तुम्ही दोघं ऑफिसला, लेकरं शाळेत, शेजारी बोलणारं कुणी नाही. इथं हरिपाठ आहे, ओट्यावर येऊन बसणाऱ्या बायका आहेत, याला औषधाची चिठ्ठी लागत नाही.

आता तुमचं. एलडीएल, बीपी, शुगर यांचं नुकसान चाळिशी-पन्नाशीत सुरू होतं, म्हणजे आईपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. चाळिशीपासून वरचं बीपी 130 किंवा त्याच्या खाली ठेवा असं तेच कमिशन म्हणतं. आईच्या फाईलचे फोटो मागवताय, स्वतःचा लिपिड प्रोफाईल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) कधी केलाय ते बघा.

भावाला एवढंच सांगा की न्यूरोलॉजिस्टकडं नाहीतर निदान चांगल्या फिजिशियनकडं न्या, बी12 आणि थायरॉईड करून घ्या, यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि त्याला औषध आहे. विसरणं अचानक वाढलं किंवा पडल्यानंतर वाढलं तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना. जाताना आई कितवी शिकली ते आधी सांगा, चौथीत शाळा सुटलेल्या बाईला लिहा-वाचायची टेस्ट दिली तर मार्क कमी पडणारच. त्यापेक्षा काय बदललं ते कागदावर लिहून न्या : भिशीचा हिशोब तोंडपाठ होता आता जमत नाही, येळवसची (वेळ अमावस्येची) भज्जी करताना काय आधी घालायचं ते विचारावं लागलं, रोजच्या रस्त्यावर वळण चुकलं, आणि हे कधीपासून. घरी कुणाला वेळ नसेल तर व्हिडिओ कॉलवर भावाला आणि वहिनींना विचारत विचारत तुम्हीच लिहा.