पोलने काचा धुताना पंपाला फ्लो कंट्रोलर लागतोच का? कॅलिब्रेशनचा आकडा किती ठेवावा?

लागतोच. पोल म्हणजे टोकाला ब्रश असलेली लांब काठी, पंप तिच्यातून काचेवर पाणी सोडतो. फ्लो कंट्रोलर हा त्या पंपाचा वेग ठरवणारा आणि पोलचा नळ बंद झाला की पंप थांबवणारा डबा. किती ताण आला की थांबायचं, ते कॅलिब्रेशनचा आकडा ठरवतो. पंप थेट बॅटरीला जोडून काम करणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही.

इंदूरला काका आणि मी मिळून शोरूमच्या काचा धुतो. काका बादली-वायपरच्या काळातले. जास्त पाणी सोडलं की काच जास्त साफ होते, हे त्यांचं ठाम मत. अहो, मळ ब्रश काढतो, पाणी तो वाहून नेतं. आमचं बोअरचं पाणी मीटरवर ८०० टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवतं. ते आरओ आणि रेझिन या क्षार काढणाऱ्या फिल्टरांमधून शून्यावर आणायचं आणि मग धो धो सोडायचं? पंप मोकळा सोडला तर मिनिटाला ५ लिटर फेकतो, ४०० लिटरची टाकी ८० मिनिटांत संपते. २ लिटरवर आणला की तीच टाकी ३ तास २० मिनिटं पुरते. ज्या शहराला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून चढवून आणावं लागतं, तिथे ही उधळण मला बघवत नाही.

एका मे महिन्यात आम्ही ६० मीटरचा पाइप काढून १०० मीटरचा लावला. लगेच कंट्रोलरवर 'डेड एंड' (म्हणजे नळ बंद, पंप थांबवला) यायला लागलं. साहजिक आहे. पाइप लांबला की ताण वाढतो, मोटर जास्त करंट ओढते आणि कंट्रोलरला वाटतं नळ बंद झाला. काकांनी कॅलिब्रेशनचा आकडा थेट सगळ्यात वर नेऊन ठेवला. दुपारी पोराने पोलचा नळ बंद केला आणि पंप चालूच ठेवून जेवायला गेला. कंट्रोलर थांबेना, दाब वाढला की पंप बंद करणारा प्रेशर स्विच आधीच चिकटलेला होता. रीलजवळचा जोड निखळला आणि अख्खी टाकी गिऱ्हाइकाच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रिकामी झाली. वर्षभराचं काम गेलं. काका आजही सगळ्यांना सांगतात की डबाच खराब होता. नव्हता! तोच डबा आज माझ्या गाडीत चालतोय.

म्हणून माझा आकडा तुम्हाला सांगून उपयोग नाही. तुमचा पूर्ण पाइप जोडा, नळ उघडा, नेहमीच्या वेगावर पंप चालवा. आकडा खोटा डेड एंड येईपर्यंत उतरवा, मग थोडा वर घ्या. शेवटी नळ बंद करून पंप खरंच थांबतोय ना, ते बघा. ही शेवटची पायरी आमच्याकडे कोणी केली नाही. पाइप बदलला की सगळं पुन्हा. थंडीतही पुन्हा, पाइप कडक होतो.

काचेवर पाणी पसरत नसेल, थेंब थेंब होत असतील, तर धुवून काढताना वेग वाढवावाच लागतो. तेवढ्यापुरतं काकांचं खरं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. तो आमच्या गाडीत काकांनीच लावला होता, आणि बरोबर जागी लावला होता.