आपल्याच नाशकात पाहुण्यासारखं वाटतंय

प्रश्न: ताई, नमस्कार. सात वर्षं टांझानियात दार-एस-सलामला काढून आम्ही ऑगस्टमध्ये कायमचे नाशिकला परत आलो, नवऱ्याला अंबडला नोकरी मिळाली, इंदिरानगरला सासू-सासऱ्यांसोबत राहतो. तक्रार करावी असं काहीच नाहीये आणि तरी रोज संध्याकाळी मला रडायला येतं. तिकडे होते तेव्हा सारखी मिसळ आठवायची, गोदाघाट आठवायचा, इथली थंडी आठवायची, आणि आता इथे आहे तर काहीच आपलं वाटत नाही. दुकानात गेलं की एकदम "काय पाहिजे?" म्हणतात ते टोचतं. मुलगी नऊ वर्षांची आहे, ती मोठ्या चुलतभावाला चुकून "काका" म्हणाली तर सगळे इतके हसले की आता ती बोलायचीच कमी झालीय. त्या सात वर्षांबद्दल कोणी काही विचारत नाही, विचारलं तर एवढंच की "तिकडे भीती नाही का वाटायची?" मी कृतघ्न आहे का? आम्ही परत जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अगं, तुला एकेरीतच लिहिते, माझ्या भाचीच्या वयाची असशील. कृतघ्न अजिबात नाहीस. मी शेजारच्या केनियात मोंबासाला चार वर्षं राहून आले तेव्हा पंचवटीत माझ्याच माहेरच्या ओट्यावर बसून मला असंच परकं वाटलं होतं, आणि असं आणखी कोणाला होत असेल हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

होतं, भरपूर लोकांना होतं. कल्चर शॉक हा शब्द ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या 1960 च्या लेखामुळे सगळीकडे पोचला, पण तो परक्या देशात जाणाऱ्यांबद्दल होता. 1963 मध्ये गुलाहॉर्न नवरा-बायकोने लिहिलं की घरी परतल्यावर माणसाचं मन पुन्हा एकदा तसंच खाली जातं, त्या चढउताराची रेघ काढली तर इंग्रजी डब्ल्यूसारखी दिसते. माझ्या मते हा दुसरा उतारच जास्त अवघड. जाताना आपण लशी घेतो, चार शब्द शिकतो, तिथे नवखं वाटणार हे धरूनच विमानात बसतो, आणि घरी येताना मात्र कोणी सांगत नाही की बाई, सांभाळून.

दुकानातलं टोचणं तर मला अगदी कळलं. तिकडे ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलणं सुरूच होत नाही, वॉचमनला हबारी (काय खबर), भाजीवाल्याला हबारी, वयाने मोठं कोणी दिसलं की शिकामो म्हणायचं आणि त्यांनी मराहबा म्हणायचं, मगच पुढचं. सात वर्षं रोज सकाळी हे केल्यावर कॉलेज रोडच्या दुकानदाराचं "काय पाहिजे?" तुला तोडून बोलल्यासारखं वाटणारच. तो उद्धट नाहीये, त्याच्यामागे रांग उभी असते. तू तुझी सवय सोडू नकोस. आधी "काय म्हणताय, बरंय ना?" विचार आणि मग धणे माग. पहिले काही दिवस बघतील तुझ्याकडे. माझी भाजीवाली आता माझ्या आधी मला विचारते.

संध्याकाळचं रडू मला फक्त मनाचं वाटत नाही. दार-एस-सलाम विषुववृत्ताच्या जेमतेम सात अंश खाली, तिथे वर्षभर सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या आसपास मावळतो. आपल्याकडे डिसेंबरात सहालाच अंधार आणि जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड. पाऊस तिथे मार्च ते मे मोठा, मासिका, आणि ऑक्टोबरनंतर छोटा, वूली, इथे जूनची वाट बघायची. आंबे तिथे डिसेंबरात, इथे एप्रिलमध्ये. त्यात निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू झाल्या की आपल्या अंगाला काही सुचत नाही. शिवाय संध्याकाळ म्हणजे तिथला तुझा समुद्राचा वेळ असणार, भाजलेला मुहोगो, वर तिखट आणि लिंबू (साबुदाणा होतो ना, तोच कंद). तो वेळ इथे रिकामा पडलाय. त्यात कुठलीही एक गोष्ट घाल, गोदापार्कला चाल, लेकीला घेऊन जा, पण त्या वेळी घरात बसू नकोस.

आता लेक, कारण तिचंच मला जास्त लागलंय. ती चुकली नाही गं. तिथल्या स्वाहिली भाषेत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण, आणि मामा म्हणजे तर आई! तिने मोठ्या भावाला योग्यच हाक मारली, फक्त भाषा दुसरी होती. हे सगळ्या घराला तिनेच सांगू दे, जेवायला बसल्यावर, सगळे असताना. दुकानाला तिथे दुका म्हणतात, लाखाला लाकी, चहाला चाय, हे आपल्याकडूनच समुद्रामार्गे तिकडे गेलेले शब्द, ते आजोबांना फार आवडेल. हसणारी भावंडं दोन दिवसांत आपणहून शब्द विचारायला लागतील.

लोक विचारत नाहीत त्याचं मला वाटतं कारण एवढंच की काय विचारायचं हे त्यांना सुचत नाही. त्यांनी तिकडचं पाहिलेलं नाही, बातम्यांत ऐकलं तेवढंच, म्हणून भीतीचाच प्रश्न येतो. तू "तिथे असं नव्हतं" म्हणून सुरुवात केलीस की सासूबाईंना ती इथल्या घराची तक्रार वाटते, हे मी केलंय आणि त्याने फार बिघडतं. त्यापेक्षा रविवारी भद्रकालीतून माठाची जुडी आण, नारळाच्या दुधात शिजव, तोच तिकडचा मचिचा. सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली कर. खाताना त्या आपोआप विचारतील की हे तुला कोणी शिकवलं, आणि मग त्या बाईचं नाव घेऊन सगळं सांग. त्या बाईला फोनही कर. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले साडेनऊ, आठवड्यातला एक दिवस ठरवूनच टाक.

एक पत्रात नसलेलं पण सांगायलाच हवं. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात टांझानियात राहत होतो हे सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा. तिकडे मुख्यतः फाल्सिपेरम प्रकारचा मलेरिया असतो, तो झपाट्याने वाढतो. तो बहुतेक परतल्यावर तीन महिन्यांत दिसतो, पण काही प्रकार यकृतात लपून बऱ्याच महिन्यांनीही उठतात, त्यामुळे आता ऑगस्ट उलटून गेला म्हणून गाफील राहू नका.

परत जावं का, याचं उत्तर आत्ता देऊ नकोस. नाशिकचा एक पूर्ण फेरा होऊ दे, द्राक्षं, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), पहिला पाऊस, गंगापूर धरण भरल्याची बातमी. त्यानंतरही असंच वाटलं तर नवऱ्याशी बसून बोल, आणि जायचं ठरलं तर लाज वाटून घेऊ नकोस, तेही तुझंच घर होतं. लेकीच्या जेवणाच्या वेळच्या गोष्टीचं काय झालं ते मात्र मला नक्की कळव.