काकूंना विचारा: दसरा ते भाऊबीज, पाहुणे आणि पंगती

यंदा पत्रांचा नुसता पाऊस पडलाय, आणि त्यातली निम्मी चकलीची. सगळी घेता येत नाहीत, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका, चकलीचं उत्तर खाली एकदाच दिलंय ते सगळ्यांनी वाटून घ्या.

प्रश्न: काकू, भाऊबीजेला आमच्याकडे अठरा माणसं असतात. कोथरूडला टू बीएचके फ्लॅट आहे, डायनिंग टेबल सहा जणांचं. गेल्या वर्षी श्रीखंड-पुरीचा बेत केला आणि मी बाराला कढईपुढे उभी राहिले ते अडीचला बाहेर आले, तोवर सगळे जेवून सुपारी खात होते. नंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आले, त्यात मी एकाही फोटोत नाही. यंदा काय करू?

उत्तर: अगं, तू फोटोत नाहीस कारण पुरी. अठरा माणसांची पुरी म्हणजे धर माणशी पाच, नव्वद पुऱ्या, आणि पुरी गरमच हवी, म्हणजे कोणीतरी एक जण जेवण संपेपर्यंत कढईला बांधलेला. बेत ठरवताना आधी हे बघायचं की पाहुणे बसल्यावर गॅसवर काय असणार आहे, आणि उत्तर 'काही नाही' असंच यायला हवं. म्हणून मी तुला सरळ पुण्याच्या कार्यालयातला बेत सुचवते, मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा, सोबत बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत किंवा चटणी, बस. जिलबी बाहेरून आण, दीड किलो पुरते, लाज वाटून घेऊ नकोस, कार्यालयात तरी कुठे नवरीची आई जिलबी पाडत बसते. मठ्ठा मात्र घरचा, दोन लिटर दह्याचा साधारण चार लिटर होतो, आलं, कोथिंबीर, जिरेपूड, मीठ आणि साखर किंचित, सकाळी घुसळून फ्रीजमध्ये ठेवायचा, मिरचीचा ठेचा आयत्या वेळी घालायचा नाहीतर दोन तासांनी इतका तिखट होतो की मुलं तोंड लावत नाहीत.

मसालेभाताला सव्वा किलो तांदूळ घे, पोळ्या असल्या तर किलोत भागेल. तोंडली आदल्या रात्री उभी चिरून डब्यात घालून फ्रीजमध्ये टाक. गोडा मसाला घरचा असेल तर प्रश्नच नाही, विकतचा असेल तर एक चमचा धने-जिरे-सुकं खोबरं भाजून ताजं कुटून वर घाल, फरक कळतो. अकराला भात टाकायचा, पाणी आधणाचंच घालायचं, शिजला की पातेलं तव्यावर ठेवून गॅस अगदी बारीक, एकपर्यंत वाफाळता राहतो. खोबरं-कोथिंबीर वाढताना, आणि तूप सढळ, तिथे काटकसर नको. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून सांगणार असशील तर आधी विचारून घे, भाऊबीजेला बरीच केंद्रं बंद असतात आणि हे लोकांना त्याच दिवशी सकाळी कळतं, मला कळलंय तसं.

आता बसायचं. सहा खुर्च्या ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना, बाकीच्यांची पंगत हॉलमध्ये सतरंजीवर, सोफा भिंतीला सरकवला की आठ जण आरामात बसतात. मुलांना पहिल्या पंगतीत उरकायचं. आणि वाढायला भाऊ. भाऊबीजेला भावाने फक्त ओवाळून घ्यायचं आणि ओवाळणी टाकून पाटावर बसून राहायचं असं कुठे लिहिलंय? एकाला मठ्ठा दे, एकाला भात दे, दोघांना जमतं, ऑफिसात प्रेझेंटेशन जमतं तर हेही जमतं. दुसऱ्या पंगतीला तू बस, आणि फोटो दुसऱ्या पंगतीचा काढायला सांग.

मुलं पायात येऊ नयेत म्हणून एक युक्ती, बाल्कनीत परातीत किल्ला करायला लाव, मातीवर अळीव किंवा मोहरी पाच दिवस आधी पेरली तर भाऊबीजेपर्यंत हिरवंगार होतं, आणि मावळे मांडण्यात त्यांचा अख्खा दिवस जातो.

प्रश्न: मी बाणेरला राहते, दिवाळीत ऑफिसच्या मैत्रिणी आणि सासरचे असे एकत्र जेवायला बोलावलेत. टेबल 'फॉल थीम'चं करायचंय, सुकी पानं, पंपकिन, केशरी मेणबत्त्या. पानं कुठे मिळतील?

उत्तर: पानं पुण्यात ऑक्टोबरात मिळणार नाहीत गं, कारण आपली झाडं आत्ता गळतच नाहीत, आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चला. तू ज्याला फॉल म्हणतेस तो आपला शरद, अश्विन-कार्तिक, म्हणजे पाऊस सरलेला, आकाश धुतल्यासारखं, भात कापणीला आलेलं आणि मंडईत झेंडूचे ढीग. केशरी रंग हवाय ना, मग तो विकत आणायच्या प्लास्टिकच्या पानांत कशाला शोधतेस, गुलटेकडीला मार्केट यार्डात पहाटे जा, झेंडू आणि शेवंती किलोने मिळते, दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला भाव चढतो म्हणून एक दिवस आधी नाहीतर एक दिवस नंतर जायचं. फुलं आणली की ओल्या सुती फडक्यात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीस तर सकाळी काळी पडलेली सापडतील.

पंपकिनची आयडिया मात्र मला एकदम आवडली! लाल भोपळा मंडईत अख्खा मिळतो, दोन लहान घे, पुसून थोडं तेलाचं बोट फिरव, मस्त चकाकतो, टेबलाच्या मधोमध ठेव आणि भोवती शेवंती. न कापलेला भोपळा कोरड्या जागी महिनाभर सुद्धा टिकतो म्हणजे दसऱ्याला मांडलास तरी दिवाळीपर्यंत राहील. आणि पाहुणे गेले की त्याचे घारगे कर. दोन वाट्या किसलेला भोपळा, वाटीभर गूळ, दोन्ही एकत्र मंद शिजवायचं, पाण्याचा थेंब घालायचा नाही, भोपळ्यालाच सुटतं. गार झालं की चिमूट मीठ, वेलदोडा, चमचाभर गरम तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी घेऊन मळलंस तर सैल होणार आणि मग मला पत्र लिहिणार. पुरीपेक्षा जाड थापायचे, मध्यम आचेवर तळायचे, दोन-तीन दिवस छान राहतात, प्रवासाला तर फारच बरे. डेकोरेशन खाऊन संपवायचं, ह्याच्यासारखं सुख नाही.

बाकी टेबलाचं म्हणशील तर दोनच गोष्टी बघ. मधली सजावट बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या वर जाता कामा नये, नाहीतर तुझ्या सासूबाई आणि मैत्रिणी एकमेकींशी फुलदाणीच्या आडून बोलतील (तुला तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी). दुसरं म्हणजे वास, निशिगंध आणि उदबत्ती जेवणाच्या टेबलाजवळ नको, मसालेभाताचा वास मारला जातो. तांब्याचं घंगाळ किंवा जुनी परात असेल तर पाणी भरून पाकळ्या सोड, घरात नसेल तर कसब्यात तांबट आळीत एक चक्कर मार, हातोडीचे ठोके दिसणारी भांडी बघूनच जीव हरखतो. पणत्या आणल्यास तर रात्रभर पाण्यात बुडवून, मग वाळवून वापर, कोरी पणती अर्धं तेल स्वतःच पिते. आणि टेबलावर पणती असेल तर ओढण्या आणि पदर सांभाळा.

ताटाभोवती रांगोळी काढायचा मोह होतो, पण वर पंखा असतो हे विसरू नकोस, आमच्याकडे एकदा पंखा लावल्यावर गुलाबी रांगोळी सगळी कोशिंबिरीत गेली होती. तुळशीबागेत तयार महिरपी मिळतात त्या आण, किंवा पाकळ्यांचीच महिरप कर.

प्रश्न: चकली तळताना कुरकुरीत लागते, डब्यात गेली की दुसऱ्या दिवशी मऊ. भाजणी विकतची नाही, घरची आहे. (अशी अकरा पत्रं)

उत्तर: भाजणीचं प्रमाण आधी, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे, प्रत्येक वेगवेगळं भाजायचं. हे बहुतेकींचं बरोबर असतं, चूक आचेत असते. घाईघाईत मोठ्या गॅसवर तळलं की बाहेरून रंग येतो, आत ओल राहते, ती ओल रात्रभरात बाहेर येते आणि तुम्ही भाजणीला शिव्या देता. तेल चांगलं तापवून चकली सोडायची आणि लगेच आच मध्यम करायची, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत बाहेर काढायची नाही. पहिला घाणा काढला की एक चकली पूर्ण गार होऊ द्या आणि मोडून बघा, गरम असताना सगळ्याच कुरकुरीत लागतात. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. कडक, दगडासारखी होत असेल तर मोहन कमी. आणि गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही, हे अकरापैकी निम्म्यांना आत्ता आठवलं असेल.

प्रश्न: आमच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर चाळीस जण जमतो. यंदा दुधाची जबाबदारी आम्हा पुरुषांवर आली आहे. किती दूध, किती मसाला, आणि करपू नये म्हणून काय करावं? (एक भावी बल्लव, सहकारनगर)

उत्तर: वा, भाऊ! माणशी दीडशे मिली धरा, म्हणजे आटल्यावर सहा लिटर हवं, म्हणून साडेसात लिटर फुल क्रीम दूध घ्या. पातेलं जाड बुडाचं, आधी त्यात थोडं पाणी फिरवून ओतून टाका आणि लगेच दूध घाला, खाली लागत नाही. पण खरा उपाय म्हणजे एका माणसाने ढवळत तिथेच उभं राहायचं, मोबाईल बाजूला ठेवून. साखर अर्धा ते पाऊण किलो पुरे, आणि दोन लिटर दूध बिनसाखरेचं आधीच वेगळं काढा, चाळीस जणांत मधुमेहवाले निघतातच आणि बिचारे बोलत नाहीत. मसाल्यात बदाम, पिस्ता, चारोळी, वेलदोडा, केशर, लिटरला दोन मोठे चमचे. सुकामेवा भरड ठेवा, मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. जायफळ मात्र सगळ्या दुधात मिळून अर्धं, जास्त नाही, त्याने गुंगी येते. त्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' म्हणजे कोण जागं आहे असं विचारत फिरते म्हणे, आणि तुमची अख्खी सोसायटी गच्चीवर घोरत असायची. भेळ-भजी काय असेल ते आधी उरका, दूध शेवटी.

प्रश्न: सासूबाई म्हणतात फराळ विकत आणला तर दिवाळी कसली. मी सकाळी आठला घर सोडते, रात्री आठला येते. हिंजवडीचा ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहेच.

उत्तर: माहीत आहे बाई. चारच पदार्थ ठरवा, दोन घरचे आणि दोन बाहेरचे, आणि घरचे कुठले ते सासूबाईंना ठरवू दे. अनारसे घरी नकोत एवढं माझं ऐक, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग गुळात कालवून पीठ मुरवायचं आणि इतकं करून तुपात सोडला की हसला, म्हणजे पसरून विरघळला. बेसनाचे लाडू रविवारी एका बैठकीत होतात. बेसन लाडवाचं जाडसर घे, दोन वाट्यांना पाऊण वाटी तूप, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, टाळ्याला चिकटतात ते कच्च्या बेसनाने. पिठीसाखर मिश्रण गार झाल्यावरच. मी एका दिवाळीत घाईत गरमातच घातली, सगळं पातळ झालं, शेवटी ताटात थापून वड्या पाडल्या, आणि पाहुण्यांनी रेसिपी विचारली, मी 'आमच्याकडची पारंपरिक' म्हणून सांगून टाकली.

चिवडा, लाडू बाहेरून आणायचे तर पूना मर्चंट्स चेंबर दरवर्षी ना नफा ना तोटा विकतं, पुण्यातली कितीतरी घरं वर्षानुवर्षं तिथूनच आणतात, हे सासूबाईंच्या कानावर घाल. नाहीतर तुमच्याच बिल्डिंगमधली एखादी काकू ऑर्डर घेत असेल, दसऱ्याआधी सांगून ठेव, धनत्रयोदशीला सांगायला गेलीस तर ती तुला दारातूनच परत पाठवेल.

प्रश्न: पातळ पोह्यांचा चिवडा आक्रसतो.

उत्तर: पोहे उन्हात द्या, ऊन नसेल आणि परतीचा पाऊस चालू असेल तर मायक्रोवेव्हमध्ये मिनिट-मिनिट करून, मध्ये हलवत. आक्रसतात ते मोठ्या आचेने. फोडणी गार होऊ द्या आणि मगच पोहे, गॅस बारीक.

प्रश्न: हल्ली कोणाला ताटाची डावी-उजवी बाजू माहीत नाही. मुलाच्या घरी मला लोणचं उजवीकडे वाढलं. आपण यावर लिहावं. (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: लिहिते काका. मीठ वरती मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, खाली मध्ये वरणभाताची मूद आणि त्यावर तूप. केळीचं पान असेल तर निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. त्याला कारणही आहे, आपण उजव्या हाताने जेवतो, जे जास्त खायचं ते हाताशी आणि जे तोंडी लावायचं ते पलीकडे, म्हणजे चटणीत सारखी बोटं जात नाहीत. पण काका, एक विचारू, ते लोणचं तुमच्या सुनेने घरी घातलेलं होतं का? असेल तर ते कुठेही वाढू दे, आणि पुढच्या वेळी तुम्हीच पानं वाढायला उभे राहा, नातवंडांना आपोआप कळेल.