क्रिएटिनिन १.८ आहे, पुनर्नवा-गोखरूचा काढा सुरू करावा का?

आईंचं वय ६०, मधुमेह बराच जुना, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळेनाशी झाली की वाढणारा टाकाऊ घटक) १.८, आणि नात्यातल्या कुणीतरी पुनर्नवा-गोखरूचा काढा सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः आयुर्वेदाची वैद्य आहे, तरी सांगते: तो काढा आत्ता सुरू करू नका.

पुनर्नवा वाईट नाही. सूज उतरवायला मीही ती वापरते. पण ती लघवी वाढवते आणि तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम सहज बाहेर टाकते. आईंच्या वयाला १.८ म्हणजे ई-जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, साधारण ३०च्या आसपास (निरोगी माणसात ९०च्या वर), तिथे ते रक्तात साठू लागतं. शिवाय मधुमेहात किडनी जपायला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर त्यानेही पोटॅशियम वाढतं. ते फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर माणसाला काही जाणवेलच असं नाही.

लोक इथेच गल्लत करतात. गोखरू, वरुण, पाषाणभेद ही मुख्यतः मुतखड्याची आणि लघवीच्या तक्रारींची औषधं. मुतखडा वेगळा आणि मधुमेहाने किडनीची गाळणी झिजणं वेगळं. सुश्रुतांनीसुद्धा औषधाने न हटणाऱ्या अश्मरीला, म्हणजे मुतखड्याला, शस्त्रकर्म सांगितलं. औषध कुठवर चालतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मग आयुर्वेदाचं काम काय? आईंच्या बाबतीत ते प्रमेहापासून (आयुर्वेदातला रोगगट, मधुमेह त्यातच येतो) सुरू होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला शंभर योजनं चालायला सांगितलंय. इतकं नको, पण रोज झेपेल तेवढं चालणं, वेळेवर जेवण, लोणचं-पापड बंद, दिवसा झोप नाही, लघवीचा वेग दाबायचा नाही, एवढं कसोशीने पाळलं तरी साखर आणि रक्तदाब आटोक्यात यायला मोठी मदत होते. किडनी टिकते ती या दोहोंवरच. 'किडनी धुऊन निघते' म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका. पायावर सूज असेल तर उलट त्रास होईल.

भस्म घातलेल्या निनावी पुड्यांना हातही लावू नका. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. माझ्याच शास्त्राबद्दल हे सांगताना वाईट वाटतं, पण झाकून ठेवून रुग्णाचं भलं होत नाही. गुडघे दुखले म्हणून आई वेदनाशामक गोळ्या परस्पर घेत असतील, तर त्याही आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

या आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन किती जातंय ते यातून कळतं) तपासून घ्या आणि नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवा. तेच रिपोर्ट घेऊन जवळच्या शिकलेल्या वैद्यांकडे जा, चालू गोळ्यांची सगळी यादी त्यांच्यासमोर ठेवा, आणि त्यांनी काही दिलंच तर ते नेफ्रॉलॉजिस्टपासून लपवू नका.